फुप्फुस शिरांचे जन्मजात दोष: चारही शिरा कुठे जातात ते दिसेपर्यंत ‘हृदय नॉर्मल’ लिहू नका

पूर्ण दिवसांचं बाळ. जन्मानंतर काही तासांत श्वास जलद, ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धूसर. सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) दिलं, फरक नाही. एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आला: ‘रचना नॉर्मल, पीपीएचएन’, म्हणजे जन्मानंतरही फुप्फुस धमन्यांतला दाब चढलेलाच. फुप्फुस धमन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सुरू केला आणि बाळ आणखी बिघडलं.

फुप्फुस शिरांचे दोष बहुधा याच वाटेने निसटतात. दोष हृदयाच्या आत नसतो, मागे आणि बाहेर असतो. चार कप्पे, चार झडपा, दोन मोठ्या धमन्या सगळं जागेवर दिसतं आणि तपासणारा तिथेच थांबतो. नवजात विभागात एको करणाऱ्या किंवा एकोसाठी बाळ पुढे पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी पुढचा क्रम दिला आहे. मुख्य भर टीएपीव्हीसीवर आहे, म्हणजे चारही फुप्फुस शिरा डाव्या अलिंदाऐवजी उजव्या बाजूला उघडतात त्या दोषावर. एक-दोन शिरा भरकटलेल्या असतात तो अंशतः प्रकार शेवटाकडे येईल.

टप्पा १: संशय कोणत्या बाळात घ्यायचा

टीएपीव्हीसीची बाळं दोन अगदी वेगळ्या रूपांत येतात. शिरांच्या वाटेत अडथळा असेल तर पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत निळेपणा, धाप, अॅसिडोसिस. अडथळा नसेल तर बाळ घरी जातं आणि काही आठवड्यांनी दूध पिताना घाम, वजन न वाढणं, वारंवार ‘न्यूमोनिया’ अशा तक्रारींनी परत येतं. या दुसऱ्या गटात ऑक्सिजन ९० ते ९४ असू शकतो आणि ओठ गुलाबीच दिसतात. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

जन्मानंतर २४ तास झाले की उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे पल्स ऑक्सिमीटर लावा. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३पर्यंत असेल तर ठीक. कुठेही ९०च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी. मधले आकडे आले तर तासाभराने पुन्हा मोजा.

आकडे बघताना एक गंमत लक्षात ठेवा. पायाचा ऑक्सिजन हातापेक्षा जास्त आला तर तो प्रोबचा दोष समजून सोडून देतात. शिरा वरच्या बाजूला एसव्हीसीत (शरीराच्या वरच्या भागातून उजव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत) उघडत असतील आणि पीडीएतून (फुप्फुस धमनी व महाधमनी जोडणाऱ्या नळीतून) रक्त उजवीकडून डावीकडे वाहत असेल, तर हे खरोखर घडतं. एसव्हीसीतलं शुद्ध रक्त ट्रायकस्पिड झडपेतून उजव्या निलयात, तिथून फुप्फुस धमनीत आणि पीडीएमार्गे पायाकडे जातं. महाधमन्यांची अदलाबदल असलेल्या बाळातही असं दिसतं, पण तो दोष एकोत लपत नाही.

सावधान: मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आली नाही म्हणून हृदय बाजूला ठेवू नका. अडथळा असलेल्या टीएपीव्हीसीत बहुतेक वेळा मर्मर नसतेच.

टप्पा २: एकोआधी हातात असलेल्या गोष्टी नीट वाचा

एक्स-रे: फुप्फुसं पाणी भरल्यासारखी धूसर आणि हृदय लहान किंवा नेहमीच्या आकाराचं, ही जोडी पूर्ण दिवसांच्या बाळात दिसली की अडथळा असलेली टीएपीव्हीसी आधी आठवली पाहिजे. हा एक्स-रे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आरडीएससारखा (अपक्व फुप्फुसांच्या आजारासारखा) दिसतो, म्हणून बाळाच्या दिवसांचा हिशेब एक्स-रेशेजारी लिहून ठेवा. अडथळा नसेल तर उलट: हृदय मोठं, फुप्फुसांत रक्त जास्त. पुस्तकातला ‘स्नोमॅन’ (बर्फाच्या बाहुल्यासारखी हृदयाची सावली) नवजात बाळात शोधत बसू नका. तो वरच्या प्रकारात, म्हणजे शिरा हृदयाच्या वर चढतात तेव्हा, आणि काही महिन्यांनंतर दिसतो.

ईसीजी: उजव्या निलयावर ताण. नवजात बाळात उजवी बाजू तशीही जोरकस असते, त्यामुळे यावरून फारसं ठरत नाही.

नाळेतल्या शिरेची नळी: बाळाला अम्बिलिकल व्हेनस कॅथेटर असेल तर त्यातलं आणि धमनीतलं रक्त एकाच वेळी तपासा. कॅथेटरच्या रक्तात ऑक्सिजन धमनीपेक्षा जास्त आला तर फुप्फुसातलं शुद्ध रक्त यकृताकडे उतरतंय, म्हणजे डायाफ्रामखालचा प्रकार. हा पुरावा अनेकदा कागदावर पडून असतो, फक्त ‘चुकून धमनीत गेली असेल’ असं म्हणून नळी काढली जाते.

हायपरऑक्सिया चाचणी: १०० टक्के ऑक्सिजन दहा मिनिटं देऊन उजव्या हाताच्या धमनीतला पीएओ२ (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) मोजतात. तो १००च्या खाली राहिला तर हृदयदोषाचा संशय बळावतो. वर गेला म्हणून टीएपीव्हीसी नाही असं मात्र ठरत नाही. शिवाय ऑक्सिजनने फुप्फुसात जाणारं रक्त वाढतं. बाहेर पडायची वाट अरुंद असेल तर फुप्फुसं आणखी भरतात. एको हाताशी असेल तर या चाचणीत वेळ घालवू नका.

टप्पा ३: मशीन आणि बाळाची तयारी

- नवजात बाळासाठी ८ ते १२ मेगाहर्ट्झचा प्रोब, मोठ्या मुलासाठी ५ ते ८.
- कलर डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीचा) वेग ३० ते ४० सेंमी प्रति सेकंदापर्यंत खाली आणा. शिरांमधला प्रवाह मंद असतो. धमन्यांसाठी ठेवलेल्या ७०-८०च्या सेटिंगवर या शिरा दिसतच नाहीत, आणि ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा लावला जातो. सगळ्यात जास्त घडणारी तांत्रिक चूक हीच.
- कलरची चौकट लहान ठेवा, म्हणजे फ्रेम रेट टिकेल.
- जेल कोमट, बाळ वॉर्मरखाली, ईसीजीच्या तारा जोडलेल्या.
- आजारी नवजात बाळाला झोपेचं औषध देऊ नका. साखरपाण्याचा थेंब आणि गुंडाळलेलं कापड पुरतं. स्थिर असलेल्या मोठ्या बाळाला ट्रायक्लोफॉस ५० मिग्रॅ प्रति किलो देऊन अर्धा-पाऊण तास थांबा. देण्याआधी ऑक्सिमीटर लावलेला असावा, हाताने श्वास द्यायची अॅम्बू बॅग शेजारी असावी.

व्हेंटिलेटरवरच्या फुगलेल्या छातीतून वरच्या खिडक्या (प्रोब ठेवून आत बघायच्या जागा) मिळत नाहीत. अशा वेळी पोटाकडून, म्हणजे सबकॉस्टल बाजूने, जास्तीत जास्त काम उरका.

टप्पा ४: पोटापासून सुरुवात करा

सवयीने हात छातीच्या डाव्या कडेला जातो. या दोषात ती सुरुवात महागात पडते, कारण चांगलं चित्र दिसताच लक्ष झडपांकडे वळतं. आधी बेंबीच्या वर आडवा प्रोब ठेवा. मणक्यासमोर डावीकडे महाधमनी, उजवीकडे आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शिरा). या दोन नळ्यांबरोबर तिसरी नळी दिसते का ते बघा.

आता प्रोब उभा करा. आयव्हीसीतलं रक्त हृदयाकडे, म्हणजे प्रोबपासून दूर जातं, तिथे निळा रंग. महाधमनीतलं रक्त खाली उतरतं, तिथे लाल. तिसरी नळी लाल असेल तर तिला महाधमनी समजून पुढे जाऊ नका. तिथे पल्स्ड डॉपलर (एका ठरावीक जागेचा प्रवाह मोजणारा) ठेवा. ठोक्याबरोबर उसळणारा प्रवाह म्हणजे धमनी. सलग, मंद, ठोक्याशी फारसा न जुळणारा प्रवाह खाली उतरत असेल तर ती अन्ननलिकेबरोबर डायाफ्राम ओलांडणारी उभी शिरा. ती पुढे पोर्टल शिरेत (यकृतात रक्त नेणाऱ्या) किंवा डक्टस व्हेनोससमध्ये (यकृत टाळून आयव्हीसीकडे जाणाऱ्या, जन्मानंतर बंद होणाऱ्या वाटेत) जाते, क्वचित यकृताच्या शिरेत किंवा आयव्हीसीत. यकृतात फुगलेल्या शिरांचं जाळं दिसलं तर संशय पक्का.

याच वेळी यकृत, जठर आणि प्लीहा कुठल्या बाजूला आहेत ते नोंदवा. प्लीहा नसलेल्या हेटरोटॅक्सीत (अवयवांच्या बाजू गोंधळलेल्या असतात त्या दोषात) टीएपीव्हीसी वारंवार असते आणि एकच निलय, अरुंद फुप्फुस धमनी असे इतर मोठे दोष तिला झाकून टाकतात.

टप्पा ५: दोन अलिंदांमधला पडदा

सगळ्या तपासणीचा खिळा इथे आहे. फुप्फुसांतलं सगळं रक्त उजवीकडे येत असेल तर डाव्या बाजूला रक्त पोहोचायला पीएफओ (गर्भातलं उघडं राहिलेलं छिद्र) किंवा एएसडी (पडद्यातलं जन्मजात छिद्र) हा एकच रस्ता उरतो. त्यामुळे पडद्यावरचा प्रवाह पूर्णपणे उजवीकडून डावीकडे असतो.

पीपीएचएनमध्येही उजवीकडून डावीकडे प्रवाह असतो, पण तिथे तो बहुतेकदा दोन्ही दिशांनी झुलतो. पडद्यावर डावीकडून उजवीकडे ठळक प्रवाह दिसला तर पूर्ण टीएपीव्हीसी जवळपास बाद होते. तो एकदाही दिसला नाही, तर चारही शिरा डोळ्यांनी पाहीपर्यंत टीएपीव्हीसीच समजा.

छिद्राचा व्यास मोजा, त्यावरचा सरासरी दाबफरक लिहा. छिद्र अरुंद असेल तर तोही अडथळाच.

तपासा: उजवं अलिंद आणि निलय मोठं, डावं अलिंद लहान, डावा निलय चेपलेला. ही चौकट पीपीएचएनमध्येही मिळते. ट्रायकस्पिड गळतीचा वेग आणि पीडीएची दिशाही दोन्हीकडे सारखी असू शकते. म्हणून या तिन्हींवरून निदान ठरवू नका.

टप्पा ६: शिरा एकेक करून मोजा

एपिकल चार कप्प्यांच्या चित्रात सहसा दोन, फार तर तीन शिरा दिसतात. खालची डावी शिरा महाधमनीला लागून असते. उजवी वरची शिरा शोधायला सबकॉस्टल खिडकी चांगली. ती एसव्हीसीच्या मागून येते. चारही एकत्र बघायच्या तर प्रोब गळ्याच्या खाचेत किंवा डाव्या कॉलरबोनखाली आडवा ठेवून खाली झुकवा. वरून क्रमाने इनॉमिनेट शिरा (डोकं व डाव्या हाताचं रक्त एसव्हीसीत आणणारी), महाधमनीची कमान, उजवी फुप्फुस धमनी आणि सर्वांत खाली डावं अलिंद येतं. अलिंद खेकड्याचं अंग आणि चार शिरा त्याचे पाय, म्हणून याला क्रॅब व्ह्यू म्हणतात. वरच्या दोन शिरा बहुधा निळ्या, खालच्या दोन लाल.

प्रत्येक शिरेसाठी दोन पुरावे घ्या: रंग अलिंदाच्या पोकळीत शिरताना दिसला पाहिजे, आणि शिरेच्या तोंडाशी पल्स्ड डॉपलरमध्ये सिस्टोल, डायस्टोल असे चढउतार आणि अलिंद आकुंचनाच्या वेळचा छोटा उलटा प्रवाह मिळाला पाहिजे.

इथे फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत:

- टीएपीव्हीसीत शिरा एकत्र मिळतात तो संगम डाव्या अलिंदाच्या अगदी पाठीला चिकटलेला असतो. मधली पातळ भिंत टू-डी चित्रात गळून पडते आणि संगम अलिंदाचाच भाग वाटतो. कलरचा गेन जास्त असेल तर रंगही भिंतीवरून सांडतो. गेन कमी करा, कोन बदला, भिंत दिसते का ते बघा.
- डाव्या अलिंदाचा कान म्हणजे अपेंडेज डावी वरची शिरा समजली जाते. शिरा त्याच्या मागे असते, दोघांमध्ये एक कडा असते.
- डाव्या दोन शिरा एकाच खोडाने उघडणं किंवा उजवीकडे तीन शिरा असणं हा नेहमीचा फरक आहे, दोष नाही. आकडा चारच यावा असा हट्ट नको. फुप्फुसाचा प्रत्येक भाग कुठे रिकामा होतो ते कळलं पाहिजे.
- एक शिरा दिसली नाही तर रिपोर्टमध्ये ‘तीन शिरा दिसल्या, डावी खालची दिसली नाही’ असंच लिहा. अंदाजाने चौथी भरू नका.

टप्पा ७: अलिंदात शिरा नाहीत, मग रक्त जातं कुठे

इथून दिशा उलटी. अलिंदाकडून शिरा शोधणं थांबवा आणि फुप्फुसाच्या मुळापासून रक्ताच्या मागे निघा. डाव्या अलिंदामागचा आडवा संगम पकडा, त्यातून बाहेर पडणारी नळी शेवटपर्यंत सोडू नका.

*वर जात असेल तर:* गळ्याच्या खाचेतून बघा. उभी शिरा डावीकडून वर चढते, प्रवाह प्रोबकडे म्हणून लाल. ती इनॉमिनेट शिरेत मिळते. इनॉमिनेट आणि एसव्हीसी दोन्ही फुगलेल्या असतात. काही वेळा संगम थेट एसव्हीसीत उघडतो. याच जागी डावी एसव्हीसी (काही बाळांत उरलेली जादा शिरा) असेल तर तीही नळीसारखीच दिसते, पण तिचा प्रवाह खाली, म्हणजे निळा. फक्त नळी पाहून निदान केलं तर दोन्हीकडून चूक होते. दिशा महत्त्वाची.

*हृदयातच उघडत असेल तर:* चार कप्प्यांच्या चित्रात प्रोब मागे झुकवा. कोरोनरी सायनस (हृदयाच्या स्वतःच्या शिरांचं रक्त उजव्या अलिंदात आणणारी वाट) फुगलेला आणि त्याला दोन बाजूंनी शिरा मिळालेल्या, देवमाशाच्या शेपटीसारख्या. फुगलेला कोरोनरी सायनस डाव्या एसव्हीसीमुळेही असतो. शंका असेल तर डाव्या हाताच्या शिरेतून फेसाळलेलं सलाइन द्या. डावी एसव्हीसी असेल तर बुडबुडे आधी सायनसमध्ये दिसतील. उजवी-डावी वाट जोडलेल्या बाळात हवेचा मोठा बुडबुडा मेंदूकडे जाऊ शकतो, म्हणून सलाइन अगदी थोडं आणि दिसणारी हवा पूर्ण काढूनच. शिरा थेट उजव्या अलिंदातही उघडू शकतात.

*खाली जात असेल तर:* चौथ्या टप्प्यातली तिसरी नळी.

*मिश्र:* एक वाट सापडली की शोध संपतो, आणि मिश्र प्रकार इथेच निसटतो. दोन किंवा तीन शिरा एका वाटेने, उरलेली दुसऱ्या वाटेने. डावी वरची शिरा एकटीच इनॉमिनेटला आणि बाकी तीन कोरोनरी सायनसला, अशी जोडी नेहमी डोक्यात ठेवा. संगमात किती शिरा मिळतात ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ८: अडथळा आहे का, आणि नेमका कुठे

शस्त्रक्रिया आज रात्री की पुढच्या आठवड्यात, हे यावरून ठरतं. नळीच्या पूर्ण लांबीवर डॉपलर फिरवा. ठरलेल्या जागा अशा: वरच्या प्रकारात उभी शिरा डावी फुप्फुस धमनी आणि डावा ब्रॉन्कस (श्वासनलिकेची डावी शाखा) यांच्या चिमट्यात सापडते ती जागा, किंवा इनॉमिनेटला मिळण्याची जागा, सायनसच्या प्रकारात सायनसचं तोंड, खालच्या प्रकारात डायाफ्राम, बंद होत चाललेला डक्टस व्हेनोसस आणि यकृतातल्या बारीक वाटा. खालचा प्रकार जवळपास नेहमीच अडथळ्याचा समजा.

चढउतार हरवलेला सलग प्रवाह, कधीच शून्याजवळ न येणारा आणि वेग २ मीटर प्रति सेकंद किंवा जास्त, म्हणजे अडथळा. १.६ ते २च्या दरम्यान असेल तर संशय धरा आणि पुन्हा मोजा.

सावधान: कमी वेग म्हणजे अडथळा नाही, असं नाही. फुप्फुसांत रक्तच कमी जात असेल, पीडीए मोठी आणि प्रवाह उजवीकडून डावीकडे असेल, तर अरुंद जागेतूनही वेग कमी येतो. आकडा आणि एक्स-रे एकमेकांशी जुळत नसतील तर एक्स-रेचं ऐका.

टप्पा ९: एक-दोनच शिरा चुकल्या असतील तर

मोठ्या मुलात उजवी बाजू फुगलेली, पण नेहमीच्या जागी एएसडी नाही किंवा अगदी लहान आहे. असं दिसलं की सायनस व्हेनोसस दोष (पडद्याच्या वरच्या टोकाला, एसव्हीसीच्या तोंडाशी असलेलं छिद्र) आणि एसव्हीसीत उघडणारी उजवी वरची शिरा शोधा. सबकॉस्टल उभ्या चित्रात एसव्हीसी आणि अलिंद जिथे मिळतात तिथे पडद्याची कडा गायब असते. चार कप्प्यांच्या चित्रात हा भाग येतच नाही, म्हणून ही मुलं वर्षानुवर्षं ‘नॉर्मल एको’ घेऊन फिरतात.

सिमिटार प्रकारात उजव्या फुप्फुसाची शिरा आयव्हीसीत उतरते. एक्स-रेवर हृदयाच्या उजव्या कडेला वाकड्या तलवारीसारखी सावली, उजवं फुप्फुस लहान, हृदय उजवीकडे ओढलेलं. लहान बाळात ती सावली दिसेलच असं नाही. पोटातल्या महाधमनीतून उजव्या फुप्फुसाकडे जादा धमनी जाते का ते जरूर बघा.

टप्पा १०: सीटी कधी, कशी

एकोने चारही शिरा, त्यांची वाट आणि अडथळा स्पष्ट झाला असेल तर सीटीसाठी शस्त्रक्रिया थांबवू नका. मिश्र प्रकार, हेटरोटॅक्सी, सिमिटार किंवा खराब खिडकी असेल तर मात्र सीटी हवीच.

१. रेडिऑलॉजिस्टला ‘छातीची सीटी’ नव्हे, ‘मानेपासून मूत्रपिंडांपर्यंत’ असं लिहून द्या. फक्त छाती घेतली की खालच्या प्रकारातली शिरा डायाफ्रामपाशी कापली जाते आणि तीच तर बघायची असते.
२. कॉन्ट्रास्ट नॉन-आयॉनिक, १.५ ते २ मिली प्रति किलो, मागोमाग सलाइन. ट्यूब व्होल्टेज ७० ते ८० किलोव्होल्ट.
३. सुई डाव्या हातात नको. दाट कॉन्ट्रास्ट इनॉमिनेट शिरेत भरला की तिथल्या चकाकीत उभी शिरा हरवते. पाय किंवा उजवा हात बघा.
४. वेळ साधा: फुप्फुस धमनी भरली त्या क्षणी स्कॅन केलं तर शिरा रिकाम्याच. शिरा भरेपर्यंत थांबावं लागतं.

कॅथेटरायझेशन निदानासाठी आता क्वचितच लागतं. अडथळा असलेल्या बाळात ते धोक्याचं आहे.

टप्पा ११: रिपोर्ट आणि रवानगी

सर्जनला ‘टीएपीव्हीसी, सुप्राकार्डिॲक’ (म्हणजे वरचा प्रकार) एवढं पुरत नाही. हे सगळं लिहा: प्रत्येक शिरा कुठे उघडते; संगमाचा आकार, आडवा की उभा, अलिंदापासून किती अंतरावर; उभ्या शिरेची वाट; अडथळ्याची जागा आणि सरासरी दाबफरक; पीएफओचा व्यास; पीडीए आणि तिची दिशा; ट्रायकस्पिड गळतीवरून उजव्या निलयाचा दाब; डाव्या निलयाचा आकार; सोबतचे दोष; न दिसलेल्या गोष्टी. क्लिप पेनड्राइव्हवर बाळासोबत द्या.

अडथळा असलेल्या बाळाला औषधाने बरं करता येत नाही. वाट मोकळी करायला शस्त्रक्रियाच लागते, म्हणून निदान झालं की फोन आधी सर्जरी असलेल्या केंद्राला. तोवर व्हेंटिलेटरवर पुरेसा पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकणारा दाब), अॅसिडोसिस दुरुस्त, साखर आणि तापमान जागेवर. नायट्रिक ऑक्साइड बंद. प्रोस्टाग्लँडिन (जन्मानंतर बंद होणाऱ्या वाटा उघड्या ठेवणारं औषध) सरसकट सुरू करू नका: डक्टस व्हेनोसस उघडा ठेवून खालच्या प्रकारात ते उपयोगी पडू शकतं, पण फुप्फुसांतलं रक्त वाढवून बिघडवूही शकतं. घेणाऱ्या केंद्राला विचारून ठरवा. नाळेची नळी डक्टस व्हेनोससमध्ये अडकून वाट बुजवत नाही ना, तेही बघा.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका मागवताना नवजात बाळाचा व्हेंटिलेटर आणि इन्क्युबेटर त्या गाडीत आहे का हे फोनवरच विचारा. गाडी दारात आल्यावर कळलं तर दोन तास जातात. अडथळा नसलेल्या, स्थिर बाळासाठी जिल्ह्यातल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या केंद्रातून नोंद करा, पण ‘पुढच्या शिबिरात दाखवा’ असं सांगून पाठवू नका. अडथळा नंतरही तयार होऊ शकतो. जाताना आईला लिहून द्या: दूध कमी झालं, श्वास मिनिटाला ६०च्या वर गेला किंवा ओठ निळे दिसले तर त्याच दिवशी परत.